शिवडी ते बीकेसी : अमेरिकन मोटारीचा मुंबईतला हिशेब

अमेरिकन मोटार मुंबईत का टिकली नाही, असं गिरगावात किंवा दादरला साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं : ते धूड पेट्रोल प्यायचं आणि आपल्या गल्लीत वळायचं नाही. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. पेट्रोल स्वस्त होतं आणि रस्ते मोकळे होते, त्या काळातच अमेरिकन कंपन्यांनी मुंबईतून पहिल्यांदा गाशा गुंडाळला. पुढे चाळीस वर्षांनी त्या छोट्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या घेऊन परत आल्या, तरीही टिकल्या नाहीत. त्यामुळे दोष एकट्या इंजिनाच्या माथी मारता येत नाही.

गोष्ट सुरू होते शिवडीला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये तिथे मोटारजुळणीचा कारखाना काढला. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. बंदर हाताशी, पोर्ट ट्रस्टची रेल्वे दाराशी आणि परळ-लालबागच्या गिरण्यांमुळे फिटर, लोहार, सुतार, रंगारी हाकेच्या अंतरावर. अमेरिकेतून लाकडी खोक्यांत भरून सुटे भाग येत, इथे ते जोडले जात आणि तयार शेवरोले बाहेर पडे. अख्खी मोटार जहाजावर चढवली तर ती निम्मी जागा हवेनेच व्यापते. सुटी करून आणली की भाडं वाचतं आणि जकातीतही फायदा होतो. फोर्डनेही हाच हिशेब करून मुंबईसह मोठ्या बंदरांच्या शहरांत आपली व्यवस्था उभी केली. जो कामगार दिवसभर शेवरोलेचे बोल्ट आवळायचा, तो संध्याकाळी घरी मात्र ट्रामनेच जात असणार, हे सांगायला पुरावा नको.

त्या काळात या गाड्या इथे का खपल्या, ते समजून घेतलं पाहिजे. इंग्रजांच्या घरच्या गाड्या, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस, अंगाने लहान आणि नाजूक होत्या. विलायतेत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासाच्या सूत्रावर बसायचा, म्हणून तिथल्या कारखानदारांनी इंजिनं बारीक ठेवली. अमेरिकेत तसं बंधन नव्हतं. १९२९ मध्ये शेवरोलेने चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. १९३२ मध्ये फोर्डने त्यावर कडी करून आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन मध्यमवर्गीय किमतीत दिलं. वेग आणि जोर ही तोवर श्रीमंतांची मिरास होती, ती या दोन गाड्यांनी मोडली. अमेरिकेत पुढे 'मसल कार' म्हणून जे प्रकरण गाजलं, त्याची मुळं इथेच आहेत. आपल्याकडे मात्र या जोराचा उपयोग शर्यतीसाठी झाला नाही, तो घाट चढण्यासाठी झाला. बोरघाटात छोटी गाडी दोनदा थांबून पाणी मागायची, तिथे अमेरिकन गाडी भरल्या पोटी वर जायची. जाड पत्रा, रस्त्यापासून उंच बांधणी आणि गावच्या लोहाराला समजेल अशी साधी रचना. एस.टी.च्या आधी गावोगाव धावणाऱ्या 'सर्व्हिस मोटारी' बहुतेक अशाच, अमेरिकन ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी चढवलेल्या. जून १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली, तेव्हाच्या तिच्या ताफ्यात बेडफर्ड, लेलँड, अल्बियन यांच्याबरोबर शेवरोले, फोर्ड आणि स्टुडबेकर ही नावं आहेत. मराठी माणसाने अमेरिकन मोटार पहिल्यांदा अनुभवली ती मरीन ड्राइव्हवर नव्हे, तर कोकणात किंवा देशावर मागच्या बाकावर दाटीवाटीने बसून.

या सगळ्यात एक मेख होती. वीस-पंचवीस वर्षं जुळणी करूनही शिवडीत खऱ्या अर्थाने काही बनत नव्हतं. इंजिन तिकडून, गिअरबॉक्स तिकडून, आराखडे तिकडेच. ही मेख सर्वांत आधी ज्यांना खुपली, त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. तिशीच्या दशकात अमेरिका-युरोपचे कारखाने पाहून येऊन त्यांनी मुंबईत संपूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली. तिच्यामागे उभे राहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. ज्या माणसाने इंग्रज जहाज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन चालवली, बंगळुरात विमानाचा आणि विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना काढला, त्याला मोटार का जमू नये? वालचंद फोर्डकडे गेले. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे हिंदुस्थानचे हक्क होते, तिथे डाळ शिजली नाही. मग क्रायस्लरशी बोलणी करून १९४० मध्ये करार झाला. दिल्लीच्या इंग्रज सरकारने मात्र युद्धाचं आणि डॉलरच्या टंचाईचं कारण पुढे करून आधार दिला नाही. युद्धकाळात सरकारला मोटारी हव्या होत्या, पण हिंदी माणसाने बनवलेल्या नको होत्या, असा त्याचा सरळ अर्थ होतो. वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना व्हायला १९४४ साल उजाडलं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायला १९४७. वालचंद १९५३ मध्ये गेले. कुर्ल्याच्या गाडीचा खरा सुकाळ त्यांनी पाहिलाच नाही.

प्रीमियरने क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन गाड्या काढल्या. खरं तर ती एकच गाडी होती. सांगाडा तोच, सहा सिलिंडरचं इंजिन तेच. पुढची जाळी आणि नावाची पट्टी बदलली की डॉजची प्लिमथ व्हायची. ट्रकमध्येही तीच तऱ्हा, डॉज आणि फार्गो. आजच्या कंपन्या एकच गाडी दोन बिल्ल्यांवर विकतात तेव्हा आपण नाकं मुरडतो, पण ही चलाखी जुनी आहे.

आता त्या वळणाकडे येऊ, ज्याची चर्चा मोटारप्रेमींच्या गप्पांत क्वचितच होते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाचा अहवाल दिला आणि सरकारने तो स्वीकारला. त्याचा मथितार्थ असा की टप्प्याटप्प्याने सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच इथे धंदा करावा. नुसती खोकी उघडून जुळणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही. हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर, मद्रासचे स्टँडर्ड आणि अशोक यांनी कार्यक्रम दिले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आकडेमोड केली. वर्षाला काही हजार गाड्यांच्या बाजारासाठी इंजिन ओतण्याची भट्टी कोण लावणार, असा त्यांचा विचार असावा, आणि धंद्याच्या दृष्टीने तो अगदीच वेडगळ नव्हता. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. फोर्डही त्याच सुमारास गेली. तेव्हा पेट्रोल परवडत होतं आणि गिरगावच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत होती. अमेरिकन मोटारीचा मुंबईतला पहिला पाडाव कारखानदारीच्या धोरणामुळे झाला, गाडीच्या दोषामुळे नाही.

याच काळात शिवडीपासून जवळच, माझगावात, वेगळंच घडत होतं. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इथली कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने विलिस या अमेरिकन कंपनीच्या जीपची जुळणी माझगावात १९४९ मध्ये सुरू केली. सुरुवात तीच, खोकी उघडून बोल्ट आवळण्याची. फरक पुढे पडला. महिंद्रांनी हळूहळू जीपचे भाग इथे बनवायला घेतले आणि विलिसने ते बनवू दिले. सैन्य, वनखातं, पाटबंधारे, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीचे उमेदवार अशी गिऱ्हाइकं मिळत गेली. जीप इतकी इथली झाली की ती अमेरिकन आहे हे लोक विसरले. मुंबईत अमेरिकन मोटारीचं जे एक रोप रुजलं, ते हे. बाकीची सगळी कुंडीतच राहिली.

कुर्ल्यात मात्र प्रीमियरने १९५४ च्या सुमारास इटलीच्या फियाटशी सूत जमवून ११०० मॉडेल सुरू केलं. डॉजचं इंजिन साडेतीन लिटरचं, फियाटचं १०८९ सीसीचं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. टॅक्सीवाल्याने हे गणित ताबडतोब ओळखलं. पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईच्या टॅक्सी म्हणजे डॉज, शेवरोले, प्लिमथ, हिलमन यांची खिचडी होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरातल्या भाड्यावर फियाटचं राज्य आलं आणि मोठ्या अमेरिकन गाड्या दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिथे एका खेपेला जास्त डोकी बसवता यायची. घराघरांतही हेच झालं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना कुटुंबासाठी त्यांनी गाडी घेतली ती फियाट. बारा हजारांच्या आसपास किंमत होती आणि कमी पडलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. पंतप्रधानांना जी गाडी कर्ज काढून घ्यावी लागली, ती लालबागच्या चाळीतल्या कारकुनाच्या स्वप्नातही उशिराच आली असणार.

अमेरिकन गाडी मग उरली ती स्वप्नात. १९५८ मध्ये शेवरोलेने इंपाला काढली. मागे पंखांसारखे पसरलेले पत्रे, रांगेत लाल दिवे, पुढे व्ही-एट. हिंदी सिनेमातल्या नायकाने ती उघडी करून चालवली आणि 'इंपाला' हे श्रीमंतीचं दुसरं नाव झालं. सामान्य माणसाला ती आयात करणं जवळपास अशक्य होतं. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावात काढायची. तिथे बोली लावून सिनेनट, बिल्डर आणि हॉटेलवाले त्या घ्यायचे. म्हणजे मुंबईत इंपाला आली ती बहुधा दुसऱ्या हाताचीच, पण रुबाब पहिल्या हाताचा. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. सुट्या भागांचे भाव एका रात्रीत दीडपट. त्यानंतर १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपामागे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरकडे सरकला. पेट्रोल पिणारं धूड ही म्हण खरी झाली ती इथून पुढे.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो यापुढचा, आणि त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या दप्तरात नाही. ऑपेरा हाऊस, लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोडच्या पट्ट्यातले सुट्या भागांचे दुकानदार आणि गॅरेजवाले यांनी या गाड्या पुढे कितीतरी वर्षं जगवल्या. व्ही-एट काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवायचं. त्यासाठी माउंटिंग नव्याने वेल्ड करायची, गिअरबॉक्सचा मेळ लेथवर घालायचा, फुटलेल्या ब्रेकच्या रबरासाठी ट्रकचं रबर कापून बसवायचं. क्रोमचा बंपर चोरबाजारात मिळाला तर ठीक, नाहीतर पत्रा ठोकून तसाच घडवायचा. शुद्धतावादी संग्राहकांना हे पाहून घाम फुटतो. अस्सल इंजिन भंगारात गेलं म्हणून ते हळहळतात. पण ज्याला गाडीवर पोट भरायचंय, त्याला अस्सलपणा परवडत नाही. वरातीसाठी फुलांनी मढवलेल्या ज्या लांबलचक गाड्या दादर-परळच्या लग्नांत ऐंशीच्या दशकापर्यंत दिसायच्या, त्यांच्या बोनेटखाली डिझेलची धडधड असायची. दिसायला अमेरिका, आवाजाला मालट्रक. कंपनी देश सोडून गेल्यावर तिची गाडी चालू ठेवणं हे कारागिरीचं काम आहे आणि मुंबईने ते केलं. आज हॉर्निमन सर्कलहून जुन्या गाड्यांची रॅली निघते, तेव्हा टाळ्या मालकांना मिळतात. त्यातल्या निम्म्या तरी त्या मेकॅनिकांच्या आहेत.

मग देशी बनावटीचा आग्रह धरणारं धोरण सर्वस्वी बरोबर होतं का? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. कुर्ल्याची गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट झाली, फियाटचा परवाना संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. नावं बदलली, गाडी तीच. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तसाच राहिला. स्पर्धाच नव्हती, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं, मग नवं काही करायचं कशाला? १९८३ मध्ये मारुती आली आणि झोप मोडली. प्रीमियरने ११८ एनई काढून पाहिली, नव्वदीत कल्याण-डोंबिवलीकडे फ्रान्सच्या प्यूजोबरोबर घरोबा केला, कुर्ल्यात पुन्हा फियाटशी. डॉ. दत्ता सामंतांची युनियन, संप, टाळेबंदी, भांडवलाची चणचण या सगळ्यांत प्यूजोने १९९७ मध्ये काढता पाय घेतला. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यात आता प्रीमियर रोड हे नाव आहे, कारखाना नाही.

१९९१ नंतर अमेरिकन कंपन्यांचा दुसरा फेरा सुरू झाला. फोर्डने महिंद्रांशी भागी करून १९९६ मध्ये एस्कॉर्ट आणली, नाशिकला जुळणी केली. पुढे भागी सुटली आणि फोर्ड चेन्नईला स्थिरावली. जनरल मोटर्सने गुजरातेत हलोलला ओपेल गाड्या काढल्या आणि २००३ मध्ये शेवरोले हे नाव पुन्हा भारतात आणलं. पण या शेवरोलेत अमेरिकन काय होतं? ऑप्ट्रा, स्पार्क, बीट या सगळ्या कोरियाच्या दाएवूच्या घरातल्या. टवेरा मुळात जपानी इसुझूची. मुंबईकरांना शेवरोले आठवते ती टवेरामुळेच : गणपतीला कोकणात जाताना, शिर्डीला जाताना, नऊ-दहा माणसं आणि छपरावर बोचकी. गाडी चांगली होती. कंपनीने मात्र २०१३ मध्ये धुराच्या चाचण्यांतल्या गैरप्रकारांवरून एक लाखाहून जास्त टवेरा परत बोलावल्या आणि नावाला बट्टा लागला.

तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा वाटलं होतं की शिवडीचं राहिलेलं काम आता पुरं होणार. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतात विक्री बंद. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. चौदाशेच्या आसपास कामगारांना कमी करण्यात आलं, ते न्यायासाठी दारोदार फिरले. कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. खऱ्या अमेरिकन जोराची म्हणावी अशी गाडी या दोन कंपन्यांकडून या फेऱ्यात एकच आली, पाच लिटर व्ही-एटची मस्टँग, २०१६ मध्ये, पासष्ट लाखांच्या घरात. तीही पूर्ण बनलेली आयात व्हायची. वरळी सी-फेसवर रविवारी पहाटे तिचा आवाज घुमायचा, बाकी आठवडा ती बहुधा तळघरातच असायची.

दोन्ही फेऱ्यांत चूक एकच दिसते. या बाजारासाठी गाडी घडवायची तर इथे बसून, इथल्या माणसांच्या हाती आराखडा देऊन घडवावी लागते. त्याला वेळ आणि सोसण्याची तयारी लागते. मारुती-सुझुकीने ते केलं, ह्युंदाईने केलं. अमेरिकन कंपन्यांचे निर्णय मात्र डेट्रॉइटच्या ताळेबंदावर झाले. तिकडे मंदी आली की इकडची मॉडेलं रखडली आणि दुरुस्तीसाठी येणारं गिऱ्हाईक सुट्या भागांची वाट पाहत राहिलं. माझ्या मते १९५३ च्या कमिशनने ओळखलेली खोट पंचावन्न वर्षांनी तळेगावात तशीच होती. फक्त शेड मोठी झाली होती.

उलट जीपचं पाहा. माझगावची ती जीप बदलत बदलत महिंद्रांच्या बोलेरो आणि थारपर्यंत आली. तिचीच एक बहीण, रॉक्सर, महिंद्रांनी २०१८ मध्ये अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपचे तेव्हाचे मालक फियाट-क्रायस्लर यांनी रूपाची नक्कल केली म्हणून तक्रार केली आणि २०२० मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने ती उचलून धरली. मुलीला सासरी पाठवून सत्तर वर्षं विचारपूस केली नाही आणि ती माहेरी आली तर दार लावून घेतलं, असाच हा प्रकार. फियाट-क्रायस्लरने स्वतः रांजणगावात २०१७ पासून जीप कंपास बनवायला घेतली आणि तिथून परदेशात पाठवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. इथल्या बाजारात मात्र ती मूठभरांचीच राहिली.

तिसरा फेरा सुरू झाला आहे. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये भारतातलं आपलं पहिलं शोरूम वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. मुख्यमंत्री उद्घाटनाला होते. गाडीचा पिकअप असा की जुनी इंपाला लाजेल, पेट्रोलचा तर प्रश्नच नाही. किंमत साठ लाखांच्या आसपास, कारण ती शांघायला बनून येते आणि तिच्यावर जबर आयात शुल्क बसतं. भारतात कारखान्याची एकही वीट अजून रचलेली नाही. शिवडीत निदान बोल्ट तरी आवळले जात होते. तेव्हा घ्यायची त्यांनी हौसेने घ्यावी, पण शोरूममध्ये वेगाचा आणि बॅटरीचा आकडा विचारून झाला की विक्रेत्याला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : सुटे भाग कुठून येणार, आणि तुम्ही निघून गेलात तर ते कोण बनवणार?